पाळण्याच्या खुंट्या

लेक बाळंतपणाला घरी आली, तसा म्हाताऱ्या सुतारानं पाळणा करायला घेतला. एकही खिळा नको, सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे, हा त्याचा हट्ट.

पोलादी पट्टीच्या गोल भोकावर तो लाकडाची ओबडधोबड काडी उभी धरायचा आणि हातोडा घालायचा. खालच्या पत्र्याच्या डब्यात गुळगुळीत खुंटी पडायची. टण.

आज हात छान बसला होता. मग एक खुंटी पडली, ती काळपट. तिच्यावर सांधे चिकटवायचा सरस वाळलेला होता. वर्षभर वजन पेलून मोडावी, तशी ती मधोमध मोडलेली होती.

“डोळे गेले वाटतं,” तो पुटपुटला. दुसरं लाकूड घेतलं, रंधा मारून पाहिलं. पांढरं, कोवळं. वरून पांढरं गेलं, खाली काळं, मोडकं पडलं. भोक बदललं, तरी तेच. या खुंटीच्या चिरेत तर पिवळ्या लोकरीचा धागा अडकला होता.

“बाबा, आधी पाळणा येतोय की बाळ? लावायची पैज?” लेक दारात हसत उभी होती. तिच्या हातात पिवळ्या लोकरीचा गुंडा होता. “टोपरं विणणार आहे. आत्ताच आणली, अजून उलगडलीसुद्धा नाही.”

त्यानं पट्टीवरची काडी काढून फेकली, हातोडा खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला.

डब्यात टण वाजलं.

“झाली की आणखी एक!” म्हणत लेक ती उचलायला वाकली.