चुंबळ

एकोणीसशे एकसष्टची गोष्ट. आईला सातवा महिना लागला होता, तरी वीटभट्टीवर ओझं वाहणं सुटलं नव्हतं. एका सकाळी प्राणिरक्षक संस्थेचे साहेब आले. गाढवाच्या पाठीवरची जखम पाहून त्यांनी स्वतः निम्म्या विटा उतरवल्या. “मुक्या जीवाला सांगता येत नाही हो,” ते मालकाला म्हणाले. “आम्हाला तोंड आहे, त्याचं काय लोणचं घालायचं?” आई म्हणाली. साहेब हसले आणि निघाले. उतरवलेल्या विटांकडे मालकाने पाहिलं, मग आईकडे. “ट्रक खोळंबलाय, बाई.” आईने डोक्यावरची चुंबळ काढून गाढवाच्या जखमेवर, ओझ्याखाली सारली. “तुझी तरी पाठ निवू दे, बाबा.” त्या विटा तिने उघड्या डोक्यावर घेतल्या. साहेबांचा पुढे सत्कार झाला. मालकाने दुसरी भट्टी काढली. गाढव म्हातारपणाने मेलं. माझ्या पाठीवरचं बाळ पोटातच गेलं. मी एकटीच म्हातारी झाले.