रस्त्याचा तुकडा

डांबरी रस्ते ठेकेदार संघाच्या वार्षिक सभेत वर्षभराची कामगिरी वाचून झाली आणि उत्कृष्ट रस्त्याचं सन्मानचिन्ह रंगरावांच्या हाती आलं. तपासणीसाठी त्यांच्याच रस्त्यातून कापून काढलेला डांबराचा गोल तुकडा लाकडावर बसवला होता.

"जाडी बघा, कुठं हात आखडला नाही गड्यानं," अध्यक्ष कौतुकानं म्हणाले.

तपासणी कुठं होणार ते रंगरावांना आधी कळलं, तेव्हा त्यांनी तेवढ्याच जागी जाड थर टाकायला लावला होता.

तो रस्ता झाला त्या गावच्या, सभेला बोलावलेल्या सरपंच शेवंताबाई हात जोडून म्हणाल्या, "दादा, आमच्या अडलेल्या बाया आता वेळेवर दवाखान्यात पोचतील. टिकेल ना हो रस्ता?"

रंगरावांनी तो तुकडा त्यांच्या ओंजळीत ठेवला.

"एवढा टिकेल, ताई. एवढाच."