सुलभाची नोंद

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या मराठी मंडळात डॉक्टर शशींची बायको सुलभा सगळ्यांना ऐकून माहीत होती, पाहिली मात्र कुणीच नव्हती. ती आमटीत साखर फार घालायची आणि घटस्फोट घेऊन गेली ती कुकरसुद्धा घेऊन गेली, असं ते दर दिवाळीच्या कार्यक्रमात सांगायचे.

आता निवृत्तीनंतर ते आणि मंडळातलीच वीणा लग्न करणार होते. वीणाचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिने लग्ननोंदणीची अपॉइंटमेंट घेताना शशी घटस्फोटित आहेत असं सांगितलं, तेव्हा रजिस्टर ऑफिसने कोर्टाचा कागद मागितला. शशी रोज 'शोधतो' म्हणून टाळू लागले. अशी नोंद इथे कुणालाही मागवता येते, म्हणून शेवटी वीणानेच फी भरली आणि शशी-सुलभा अशी दोघांची नावं कोर्टाला कळवली.

कोर्टाचं उत्तर आलं की या नावांचा घटस्फोट झालेलाच नाही.

"म्हणजे सुलभा अजून तुमची बायकोच आहे," वीणा म्हणाली. "मला आधी सांगायचं तरी."

शशींनी चहाचा कप खाली ठेवला. "सुलभा नव्हतीच गं. माझं लग्नच झालं नाही कधी."

"मग इतकी वर्षं हे कशासाठी?"



"नुसता एकटा होतो तेव्हा कार्यक्रम संपला की सगळे 'भेटू पुढच्या दिवाळीला' म्हणायचे. बायको सोडून गेली म्हटलं, त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मला डबा भरून दिला. तूच दिला होतास."