अतांचं पान

"पत्ते म्हणजे जुगार. आणि त्यावर माझे वाडवडील?" अतांनी, म्हणजे सासऱ्यांनी, खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलेलं पान नाकापाशी नेलं. "माझ्या बापाला चहाच्या खोक्यावर बसवलंस, सूनबाई."

"मागून कोरा कागद चिकटवलाय, अता," तोलकुन म्हणाली. "मागच्या खेपेला चहाची चित्रं तशीच राहिली होती. तुम्ही पाठीवरूनच पानं ओळखत होतात."

"ओळखणारच. डोळे दिलेत देवानं."

खेळ तोलकुनचा. किर्गिझ पोराला बापापासून मागचे सात पुरुष तोंडपाठ हवेत, आणि ती शिकवायची त्या तिसरीच्या वर्गातली निम्मी पोरं चौथ्यावरच अडखळत. म्हणून सात नावं, प्रत्येकाची तीन पानं. सर्वांत जुन्यापासून खाली उतरत यायचं, पान टाकताना नाव मोठ्यानं घ्यायचं. नाव नाही, तर पान परत हातात. सोमवारी खेळ वर्गात न्यायचा होता. पण अता नको म्हणाले, तर ती तो चुलीत घालणार होती.

तोलकुनची सात वर्षांची लेक सेझिम आईला चिकटून बसली. तोलकुननं पहिलं पान टाकलं, पण नाव घेतलं नाही.

"नाव?" अता म्हणाले.

"ते... ज्यांचे बारा घोडे होते ते."

"सतरा! आणि नाव घे. नियम तुझाच आहे."

तोलकुनचे कान लाल झाले. सासरच्या थोरांचं नाव सून तोंडातून काढत नाही, मग ते थोर जाऊन दीडशे वर्षं का होईनात. दहा संध्याकाळी बसून बाईनं सगळ्या जगासाठी नियम केले, आणि स्वतःलाच विसरली.

अता इतके हसले की डोक्यावरची टोपी घसरली. "सुनेनं खेळ केला, आणि सुनेलाच खेळता येईना! तुझी सासू असती तर पोट धरून लोळली असती." डोळे पुसून त्यांनी बोट वर केलं. "लिही. सुनेनं टेबलावर दोनदा टकटक करावी. तेच नाव घेतलं असं धरावं. पोरं खेळ घरी नेतील, तेव्हा आयांनी काय करायचं?"

तिनं लिहून घेतलं. डाव पुढं सरकला. सेझिमनं जीभ दातांत धरून हातातली पानं चाचपली, एक निवडलं आणि दणकन टाकलं.

"एसेनगुल!"

"ओ!" अतांच्या तोंडून निघून गेलं.

सेझिम खिदळली. अता हसले नाहीत.

"थोरला भाऊ गेल्याला नऊ वर्षं झाली," ते म्हणाले. "त्यानंतर मला या नावानं कोणी हाकच मारली नव्हती गं. जो तो अता, अता. माझ्याहून मोठं गावात उरलंय कोण?"

तोलकुनला भरून आलं. तिनं उगीच पानं गोळा केली. "मग शाळेत नेऊ ना, अता?"

"ने. पण हा संच घरीच राहू दे. पोरांसाठी दुसरे काप, ज्याच्या त्याच्या नावांचे. आण इकडं, मी पिसतो."

त्यांनी पानं वाटली. आपली उचलून पाहिली, सुनेकडं चोरून बघितलं, आणि एक पान टेबलाखालून हळूच सेझिमच्या मांडीवर सरकवलं.

तोलकुनला ते दिसलं. तिनं टेबलावर दोनदा टकटक केलं.

"ओ," अता म्हणाले.