वरणाची चव

"तिसरं लक्षण लिहा, मॅडम. आईच्या हातचं वरण कडू लागतं," क्रांती म्हणाली.

डॉ. मयुरा इंगळे यांचा पेन थांबला. त्यांच्यासमोर एक छापील तक्ता होता. आजार उलटण्याआधी काय जाणवतं ते डावीकडे लिहायचं, जाणवलं तर काय करायचं ते उजवीकडे. झोप उडणं आणि कुणाचाच फोन न घेणं, अशी दोन लक्षणं लिहून झाली होती. मानेसरहून दिल्लीत करोल बागेतल्या या मानसोपचाराच्या दवाखान्यात मायलेकी येत, त्या इथे मराठीत बोलता येतं म्हणून.

कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं.

"दोन-तीन महिने. तसंही आईचं वरण कंपनीच्या कँटीनपेक्षा बरं, एवढंच म्हणायचं यार." क्रांती हसली. मग म्हणाली, "पण मागच्या वेळी सुरुवात अशीच झाली होती ना. म्हणून सांगून टाकलं."

मागच्या वेळी लोक जेवणात विष कालवतात असं तिला वाटू लागलं होतं. वॉर्डात अकरा दिवस तिनं कुणाच्या हातचं काही खाल्लं नाही. फक्त आईच्या हातचा घास घेतला.

डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं. क्रांतीनं खाली बघत कबूल केलं, की तीन महिन्यांपूर्वीच तिनं त्या बंद केल्या. गोळीनं हात थरथरायचे. तिचं काम कंपनीत यंत्रांचे बारीक पुर्जे मापून तपासण्याचं. थरथरत्या हातानं ते कसं व्हायचं? आणि सोमवारी कंपनी तिला कायम करणार होती.

गोळी बंद आणि अन्नाची चव बदललेली. डॉक्टरांना शंका उरली नाही. उजवीकडे त्यांनी लिहिलं, 'त्याच दिवशी वॉर्डात भरती.' मग हळू आवाजात म्हणाल्या, तो दिवस आजच आहे.

क्रांतीचा चेहरा उतरला. सोमवारचं काय, एवढंच तिनं विचारलं. डॉक्टरांनी भरतीचा कागद पुढे केला, तेव्हा तिनं सहीसाठी पेन मागितला.

क्रांतीची आई हेमलता शेजारी बसून सगळं ऐकत होती. आता बोललं नाही तर पोरगी वॉर्डात जाणार, नोकरी जाणार. बोललं तर ती आपल्या हातचं पुन्हा कधी खाईल का, हे तिला कळत नव्हतं.

"तिची जीभ बरोबर आहे, मॅडम," ती म्हणाली. "मीच घालते."

मग तिनं सगळं सांगितलं. पाकीट संपेना हे दिसलं, तेव्हापासून रोज गोळी लाटण्याखाली बारीक करते, हात थरथरू नयेत म्हणून अर्धीच. वरणात लिंबू जास्त पिळते, तरी कडवटपणा राहतोच. दुसरं काय करणार होते, असं तिनं दोनदा विचारलं.

क्रांती आईकडे वळली.

"कडू लागलं की मी आणखी वाढून घ्यायचे," ती म्हणाली. "वाटायचं, डोकं पुन्हा फिरतंय. त्याचं ऐकायचं नाही."

हेमलतानं तिच्या हाताला हात लावला. क्रांतीनं हात काढून मांडीवर ठेवला.

डॉक्टरांनी तिसरं लक्षण खोडलं. समोरची भरतीही खोडली. क्रांती तीन महिने बरी राहिली ती गोळीमुळेच, हे त्यांनी जपून समजावलं. पूर्ण गोळीनं हात थरथरतात तर अर्ध्याच डोसवर राहू. पण यापुढे गोळी उघड्या डोळ्यांनी, स्वतःच्या हातानं घ्यायची. त्यांनी खणातून पाकीट काढलं, कमी डोसची एक गोळी कागदावर ठेवली आणि आपल्या बाटलीतलं पाणी ग्लासात ओतलं.

क्रांतीनं गोळी उचलली. उलटसुलट करून पाहिली. मग ग्लास टेबलावरून डॉक्टरांकडे सरकवला.

"आधी तुम्ही प्या."