होऊन गेलेला डेंगू

"घरी आणखी कुणाला ताप आहे?" डॉक्टर प्रतिभा यांनी सलाईन तपासत विचारलं.

"थोरलीला, सरूला," सोमी म्हणाली. "पण तिला काय नाय होणार, म्याडम. तिला मागल्या साली वीटभट्टीवर डेंगू होऊन गेलाय."

सोमी निर्धास्त होती. खाटेवरच्या धाकट्या सपनाच्या प्लेटलेट वाढायला लागल्या होत्या. दोन दिवसांपूर्वी गावाहून, पोशेऱ्याहून, जव्हारच्या या दवाखान्यात यायला निघताना शेजारच्या जगनच्या मोटारसायकलवर एकाच पोरीपुरती जागा होती. दोघीही तापानं फणफणत होत्या. कांजण्या एकदा येऊन गेल्या की माणूस सुटला, हे सोमीला लहानपणापासून ठाऊक होतं. डेंगूचंही तसंच, असं तिनं धरून टाकलं. सरू तर आपणहून म्हणाली होती, "आये, धाकलीला ने. माझा होऊन गेलाय." अकरा वर्षांच्या पोरीचं केवढं हे शहाणपण! वॉर्डातल्या सगळ्या बायांना सोमीचं ते कौतुकानं सांगून झालं होतं.

डॉक्टर खाली बसल्या. "ताई, नीट ऐका. डेंगूच्या विषाणूचे चार वाण असतात, भाताचे असतात तसे. मागच्या वेळी सरूचं रक्त एका वाणाशी लढायला शिकलं. आता दुसरा वाण आला असेल, तर रक्त त्याला धरतं, पण मारू शकत नाही. उलट, आपल्या राखणीच्या पेशींतच नेऊन सोडतं. तिथं तो भरमसाट वाढतो. दुसऱ्यांदा झालेला डेंगू जास्त घातक असतो."

सोमीला सगळं कळलं नाही. घातक एवढं कळलं.

"आणि ताप उतरला म्हणून फसू नका. खरा धोका तेव्हाच असतो. मी गाडी पाठवते. तुम्ही फोन लावा, आत्ताच."

गावातल्या घरात रेंज नव्हती. सोमी लावत राहिली. अकरा वेळा लावला. एकाच पोटच्या दोन पोरी, आणि आपण एकीला मागं ठेवून आलो, या विचारानं तिचा जीव नुसता तुटत होता. बाराव्यांदा रिंग गेली. नवऱ्यानं, जिवानं, उचलला. त्याचा आवाज आनंदी होता.

"मीच लावणार होतो. तुला सांगाया टेकाडावर चढून आलोय. आता घोर नको करू. सरूचा ताप सकाळीच गेला. निघताना किती हाका मारल्या, पण उठली नाय. म्हटलं, झोपू दे निवांत. अंग तर पार थंडगार पडलंय बघ."