खडकावरची सनई

पासष्ट साली लेकीच्या लग्नाला तुळशीरामने मुंबईहून नव्या तऱ्हेचा रेकॉर्डवाला आणला. त्याने दिवाळे गावच्या किनाऱ्यावर एक कर्णा पाण्यात शिरलेल्या खडकाच्या अलीकडे बांधला, दुसरा पलीकडे. मांडवात बसलं की सनई कर्ण्यांतून नाही, मधल्या खडकावरूनच वाजतेय असं वाटायचं. मग त्याने आगगाडीची रेकॉर्ड लावली, बाजाराची लावली. खडकावर चिटपाखरू नव्हतं, तरी तिथून भाजीवाली ओरडत होती. पाहुणे खूश.

त्या सकाळी खाडीवर दाट धुकं होतं. नवऱ्या मुलाची होडी यायची होती, म्हणून तुळशीरामची आई चंद्राबाई धक्क्यावर उभी राहून थाळी बडवू लागली. धुक्यात होड्या त्याच आवाजाच्या रोखाने येत.

"आये, ठेव ती थाली! सनईची मजा जाते," तुळशीराम ओरडला. "सनई ऐकून येतील ते."

ते सनई ऐकूनच आले.

&nbsp;

खडकावरून फळ्या फुटल्याचा आवाज आला, मागोमाग किंकाळ्या, आणि "आता होडीची लावली!" म्हणत अख्ख्या मांडवाने टाळ्या पिटल्या.